आई-बाबांनंतर गावातल्या बौद्धिक दिव्यांग भावाची सोय कशी करावी?

भाऊ २६ वर्षांचा, आई-बाबा थकलेत, संस्थेत ठेवावं का, असं विचारलंय तुम्ही. एवढी घाई नको. आधी कागदपत्रं बघा. १८ पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे बहुतेकांना बँकेत अडकल्यावर कळतं. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते, तिथे अर्ज करा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा. मग राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'निरामया' योजनेचा १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा आणि संजय गांधी निराधार योजना.

आता रोजचं. माझा मावसभाऊ सकाळी किटली घेऊन डेअरीत दूध घालून येतो. आकडे वाचता येत नाहीत त्याला. डेअरीवाले काका पावती त्याच्या खिशात ठेवतात आणि वरून बटण लावतात. तीन महिने कुणीतरी सोबत चाललं तेव्हा हे बसलं. दुपारी जेवण वाढायला शेजारच्या काकू येतात, महिन्याचे पैसे ठरवून. (फुकटची मदत दिवाळीपर्यंतच टिकते, अनुभव आहे.) न्यासाची 'समर्थ-कम-घरौंदा' ही निवासाची योजनाही आहे, पण गाव सुटतं, आणि गावात त्याला नावाने हाक मारणारे पन्नासजण असतात.

आणि हो, कुठे राहायचं हे भावाला विचारलंत का?