सकाळी आठला गेलात, तिथेच गफलत झाली

तुम्ही लिहिलंय की सॅन होजेहून रविवारी सकाळी आठला कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या नॅचरल ब्रिजेस पार्कला पोचलात, निलगिरीच्या राईत अर्धा तास माना वर करून उभे राहिलात आणि थंडीत तिथे मुक्कामाला येणारं एकही मोनार्क फुलपाखरू दिसलं नाही. सीझन संपला का? नोव्हेंबरात कसा संपेल! माझा अंदाज, तुम्ही त्यांच्या खालीच उभे होतात.

थंडीत मोनार्कला उडता येत नाही. साधारण १३ अंश सेल्सियसच्या खाली (इथल्या भाषेत ५५ फॅरनहाइट) ती पंख मिटून, एकमेकांना खेटून फांदीला लटकलेली असतात, घोसच्या घोस. मिटलेले पंख बाहेरून फिकट, मळकट. त्यात निलगिरीची वाळकी पानंही तशीच लोंबतात. आईबाबा साताऱ्याहून आले होते तेव्हा मीही त्यांना असंच भल्या सकाळी नेलं. आई म्हणाली, "पाचोळा बघायला एवढ्या लांब आणलंस होय?" दहाच्या पुढे एका फांदीवर ऊन आलं आणि तो पाचोळा उघडायला लागला. आधी दोन-चार, मग अख्खी फांदी केशरी. आईच्या हातातला थर्मास उघडा तो उघडाच राहिला.

तर अकरा ते दोनच्या दरम्यान जा, ऊन असलेला आणि वारा नसलेला दिवस बघून. दुर्बीण हवीच. फुलपाखरू शोधत बसू नका; वाजवीपेक्षा जाड दिसणारी फांदी शोधा. तीनेक तास गाडी चालवायची तयारी असेल तर पिस्मो स्टेट बीचची राई बघा, तिथले स्वयंसेवक टेलिस्कोप लावून दाखवतात. पण निघण्याआधी पार्कला फोन करा. मोनार्कचा भरवसा नाही: २०२० च्या मोजणीत सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर मिळून २,००० सुद्धा भरली नाहीत, पुढच्याच वर्षी जवळपास अडीच लाख!

मोनार्कच्या अळ्या जिच्यावर वाढतात ती मिल्कवीड बागेत लावू का, असंही विचारलंत. ती आपल्या रुईचीच नातलग. गावाकडे रुईवर पट्टेरी अळ्या पाहिल्या असतील, त्या प्लेन टायगरच्या, म्हणजे मोनार्कच्या चुलत भावंडांच्या. किनाऱ्यापासून पाच मैलांत राहणाऱ्यांनी मिल्कवीड लावूच नये, थंडीत आराम सोडून मोनार्क त्यावर अंडी घालायला लागतात. तुम्ही बरेच आत आहात, तेव्हा इथलं नॅरोलीफ जातीचं मिल्कवीड खुशाल लावा. नर्सरीत लाल-पिवळ्या फुलांचं ट्रॉपिकल मिल्कवीड मिळतं, ते कितीही देखणं दिसलं तरी घेऊ नका. ते हिवाळ्यातही वाळत नाही आणि त्यावर रोगाचे जंतू साठत जातात.