गाडलेली नदी रंगीत कशी दिसते?

प्रश्न: नमस्कार. जमिनीच्या खूप खाली गाडल्या गेलेल्या एका जुन्या नदीचं सिस्मिक चित्र (जमिनीत लाटा सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून काढलेलं) बघितलं, लाल-हिरवं-निळं, वळणं तर विमानातून बघावीत तशी. हे म्हणे फ्रिक्वेन्सीवरून काढतात. आवाजाच्या लाटेतून रंग कुठून आले? की कॉम्प्युटरवर उगाच भरलेत?

उत्तर: भरलेलेच असतात हो, पण मनाला येतील तसे नाही. साबणाचा फुगा आठवा, त्याच्या पाण्याला स्वतःचा रंग नसतो तरी तो रंगीत दिसतो, कारण पापुद्र्याच्या बाहेरच्या आणि आतल्या बाजूवरून परत येणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि जाडी जशी असेल तसा एखादा रंग जोर धरतो. जमिनीखालच्या वाळूच्या थराचंही तसंच. थराच्या वरच्या बाजूवरून एक प्रतिध्वनी येतो, तळाकडून दुसरा, थर पातळ असला की दोन्ही वेगळे ओळखूच येत नाहीत, एकात एक घुसतात आणि ठरावीक फ्रिक्वेन्सीला दणकून वाजतात. याला ट्यूनिंग म्हणतात.

हिशोब सोपा आहे. थरात लाटेचा वेग सेकंदाला २४०० मीटर धरा, फ्रिक्वेन्सी ४० हर्ट्झ, म्हणजे एक लाट ६० मीटरची. थराची जाडी याच्या पाव, १५ मीटर, असेल तर तो ४० हर्ट्झला सगळ्यात जोरात वाजेल. ३० मीटरचा थर २० हर्ट्झलाच वाजेल. आता नदीचं पात्र मध्ये खोल आणि कडेला उथळ, म्हणजे गाळही मध्ये जाड आणि काठाकडे निमुळता होत गेलेला, मग एकेका फ्रिक्वेन्सीचा प्रतिध्वनी कुठे किती जोरात आला याचे वेगवेगळे नकाशे काढले की २० हर्ट्झच्या नकाशात मधली धार उजळते आणि ४० च्या नकाशात कडा! कमी फ्रिक्वेन्सीला लाल, मधलीला हिरवा, जास्तीला निळा देऊन तिन्ही नकाशे एकावर एक ठेवले की तुम्ही बघितलं ते चित्र तयार.

प्रतिध्वनी असा वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींत फोडण्याला स्पेक्ट्रल डिकम्पोझिशन म्हणतात. अमोको या तेल कंपनीतल्या ग्रेग पार्टिका आणि सहकाऱ्यांचा १९९९ चा पेपर यात फार गाजला, त्यात मेक्सिकोच्या आखातातली, प्लाइस्टोसीन काळातली (म्हणजे हिमयुगातली) मिसिसिपीची गाडलेली पात्रं अशीच दाखवली होती. आणि गंमत म्हणजे आज गणितात सगळीकडे वापरतात त्या वेव्हलेटचा (सिग्नल फोडून बघायला वापरतात त्या थोडाच वेळ टिकणाऱ्या छोट्या लाटांचा) मोठा धागाही जां मोर्ले या तेलक्षेत्रातल्या जिओफिजिसिस्टकडूनच येतो, तोही सिस्मिक डेटाशीच झटत होता.

पण नकाशा थराला धरून कापावा लागतो. सरळ आडवा काप घेतला आणि थर तिरका असला तर एकाच चित्रात दोन वेगळ्या काळातल्या नद्या येतात, आणि बघणारा म्हणतो वा, काय सुंदर फाटा फुटलाय. माझ्या मते अर्ध्या चुका इथेच होतात, गणितात नाही. शिवाय जास्त फ्रिक्वेन्सी खाली जाताना लवकर विरतात, त्यामुळे खोलवरचा निळा फिका पडला तर पातळ थर संपला असं लगेच म्हणू नका.

प्रश्न: मग लाल पट्टा दिसला की तिथे वाळू, आणि वाळूत तेल, असं धरायचं का?

उत्तर: अजिबात नाही. रंग जाडीबद्दल बोलतो, आत काय आहे ते नाही. नदीने सोडून दिलेलं पात्र चिखलाने भरलं तरी तितकंच झकास लाल दिसतं. एक खूण मात्र मी आवर्जून बघतो: वरून ओझं आलं की चिखल वाळूपेक्षा जास्त दबतो, म्हणून वाळूने भरलेल्या पात्रावरचे थर उशीसारखे किंचित फुगलेले राहतात, आणि चिखलाचं असेल तर वरचे थर खाली बसलेले दिसतात. उशी दिसली तर वाळूवर पैज लावीन, पण बोअरहोलचा लॉग (विहीर खणून आतल्या थरांची घेतलेली मोजणी) हातात येईपर्यंत छोटीच. आणि तेलावर तर तीही नाही.