आप्पांची गोळी आणि पिशवीभर सप्लिमेंट

तासगावकडचा एक द्राक्ष बागायतदार मिरजेला माझ्याकडे आला (ओळख लपवण्यापुरते तपशील बदलले आहेत). वडिलांना, म्हणजे आप्पांना, पार्किन्सन, म्हणजे हात कापणं, हालचाली मंदावणं असा मेंदूचा आजार. टेबलावर पिशवी रिकामी केली: कोएन्झाइम क्यू-टेन, प्रोटीन पावडर, लोहाच्या गोळ्या, खाजकुइलीचं चूर्ण. "मॅडम, बागेला टॉनिक मारतो तसं आप्पांना काही लागू पडेल का? खर्चाचं बघू नका."

खर्चाचंच बघायला हवं होतं. क्यू-टेन, म्हणजे पेशींना ऊर्जा बनवायला मदत करणारा पदार्थ. त्याची उत्तर अमेरिकेत पार्किन्सनच्या 600 रुग्णांवर चाचणी झाली, रोज 1200 किंवा 2400 मिलिग्रॅम देऊन. फायदा दिसेना म्हणून ती मध्येच थांबवली. निष्कर्ष 2014 मध्ये छापून आले. क्रिएटिन या दुसऱ्या सप्लिमेंटचंही तेच झालं. आजार रोखणारं सप्लिमेंट आजतरी नाही.

खाजकुइलीचं तसं नाही. तिच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं, आप्पांच्या गोळीतलंच पार्किन्सनचं औषध. म्हणूनच मला तिची जास्त धास्ती. चमच्यात किती गेलं ते कळत नाही, गोळीत भर पडते. मग अंग वेडंवाकडं हलणं, उठताना बीपी पडणं, भास होणं.

मी विचारलं, गोळी कशाबरोबर घेतात? "दुधात पावडर घालून आई देते, त्याच्याबरोबरच. पण हल्ली गोळी चढतच नाही." गोम इथं होती! प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच वाटेनं रक्तात जातात, पुढे मेंदूतही. गर्दीत औषध मागे पडतं. लोह तर त्याला बांधूनच ठेवतं.

औषधं बदलणं माझं काम नाही. सगळ्या डब्यांचे फोटो घेऊन त्याला न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं. गोळी मनाने बंद करू नका, हेही बजावलं. डॉक्टरांनी चूर्ण थांबवलं, गोळी जेवणा-नाश्त्याच्या अर्धा तास आधी साध्या पाण्याबरोबर द्यायला सांगितली, लोह दोन तास लांब ठेवलं. आप्पांची सकाळ सुधारली. हाताचा कंप आहेच.

आई मात्र खट्टू झाल्या. दूध त्या मायेनं देत होत्या. ते बंद नाही, रात्री द्या, म्हटल्यावर चेहरा खुलला.

मुलाला मी एवढंच सुचवलं की क्यू-टेनचे पैसे फिजिओथेरपीला लावा, आणि पुढच्या खेपेला बी-12 जीवनसत्त्व तपासायचं का ते डॉक्टरांना विचारा. लेव्होडोपा बरीच वर्षं चालू असलं की ते कमी होऊ शकतं, आणि कमी निघालं तर बी-12ची गोळी खरंच लागते.