चिमणीची साइडिंग कुजली आहे. काम कोणाला द्यावे?

प्रश्न : मध्य न्यू जर्सीत १९८० च्या दशकात बांधलेल्या घरात आम्ही राहतो. आमची चिमणी विटांची नाही. लाकडी चौकटीवर साइडिंगच्या, म्हणजे बाहेरच्या आवरणाच्या, फळ्या ठोकून ती बांधलेली आहे आणि आत फायरप्लेसचा धातूचा नळ आहे. पश्चिमेकडच्या फळ्या खालच्या कडेला फुगल्या आहेत, रंगाचे पोपडे निघत आहेत आणि जोराच्या पावसानंतर फायरप्लेसच्या वरच्या भिंतीवर ओलीचा डाग दिसतो. एक कंत्राटदार केवळ खराब फळ्या बदलून रंग द्यावा असे म्हणतो, दुसरा चारही बाजूंची साइडिंग काढायला सांगतो, तर तिसऱ्याच्या मते हे काम छत दुरुस्त करणाऱ्याचे आहे. आम्ही कोणाचे ऐकावे?

– एक वाचक

उत्तर : तिघांची मते वेगळी पडली याचे आश्चर्य वाटू नये, कारण लाकडी चिमणी हे साइडिंगवाला, छतवाला आणि चिमणी तपासणारा अशा तीन कारागिरांच्या हद्दीवरचे काम आहे आणि प्रत्येकाला त्यातला आपापला भागच आधी दिसतो. आपण मात्र कोणाच्याही दराकडे पाहण्यापूर्वी एकच गोष्ट विचारावी : पाणी कोठून शिरते आहे? ज्याच्याकडे याचे उत्तर नाही, त्याने बसवलेल्या नव्या फळ्याही काही वर्षांत तशाच फुगतील.

पहिला संशय माथ्यावरच्या पत्र्यावर घ्यावा. त्या काळातल्या बहुतेक घरांवर जस्ताचा मुलामा दिलेला सपाट पत्रा बसवलेला असतो. त्यावर पाणी साचते, मुलामा झिजला की गंज धरतो आणि नळाभोवतीच्या किंवा कोपऱ्यातल्या फटींतून पाणी चौकटीच्या आत उतरते. अशा वेळी लाकूड आतून कुजते आणि बाहेर फळ्या फुगलेल्या दिसतात तेव्हा बरेच नुकसान आधीच झालेले असते. आपल्याकडे भिंतीवर दिसणारा डाग पाहता ही शक्यता गंभीरपणे तपासून घ्यावी. पत्रा गंजला असेल तर नवा स्टेनलेस स्टीलचा घ्यावा; त्याला पाणी वाहून जाण्याइतका उतार हवा आणि कडा साइडिंगच्या बाहेर वळवलेल्या हव्यात.

दुसरी जागा म्हणजे छत आणि चिमणी यांचा सांधा. तेथे छताच्या प्रत्येक ओळीबरोबर पायरीपायरीने बसवलेले पत्र्याचे तुकडे, म्हणजे स्टेप फ्लॅशिंग, साइडिंगच्या मागे गेलेले असले पाहिजे. ते नीट बदलायचे तर खालच्या फळ्या काढाव्याच लागतात. म्हणूनच नुसते सिलिकोन भरून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे निरोप द्यावा. नव्या फळ्यांची खालची कड छताला टेकता कामा नये. एक ते दोन इंचांची मोकळी जागा सोडावी लागते. चिमणी ३० इंचांपेक्षा रुंद असेल, तर तिच्या वरच्या अंगाला पाणी दोन्हीकडे वळवणारा छोटा दुपाखी उंचवटा असावा, अशी निवासी बांधकाम संहितेची अपेक्षा आहे. अनेक जुन्या घरांत तो नसतो.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. वरील लक्षणे पाहता मी दुसऱ्या कंत्राटदाराच्या बाजूने कौल देईन, कारण चारही बाजू उघडल्याखेरीज चौकट किती कुजली आहे हे कळत नाही आणि फळ्यांमागचे पाणीरोधक आवरण सलग बसवता येत नाही. मात्र त्याने स्वतः वर चढून माथ्याची आणि सांध्याची छायाचित्रे दाखवली पाहिजेत. साइडिंग, पत्रा आणि फ्लॅशिंग या तिन्हींची जबाबदारी एकाच करारात एकाच व्यक्तीने घ्यावी. नाहीतर पुढे गळती झाली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. नव्या फळ्यांसाठी फायबर सिमेंट, म्हणजे तंतू मिसळलेले सिमेंट, मला योग्य वाटते. ते पेट घेत नाही आणि कुजत नाही, पण कापलेल्या कडांना रंग किंवा प्रायमर लावणे आवश्यक असते.

न्यू जर्सीत घरदुरुस्तीच्या कंत्राटदाराने राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे नोंदणी केलेली असावी लागते आणि ५०० डॉलरहून मोठ्या कामाचा करार लेखी असावा लागतो. करार हाती आल्यापासून कामकाजाच्या तिसऱ्या दिवसापर्यंत तो रद्द करण्याचा हक्क आपल्याला आहे. नोंदणी क्रमांक विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळावा आणि विम्याचे प्रमाणपत्र थेट विमा कंपनीकडून मागवावे, कारण उंचावर काम करणारा माणूस पडला तर हा कागद फार महत्त्वाचा ठरतो. उघडल्यावर चौकट कुजलेली निघाली तर प्रत्येक फूट लाकडाचा दर काय, हेही करारातच लिहून घ्यावे. मोठे वाद तेथेच होतात. चौकट बदलायची असल्यास परवाना लागेल का, हे नगरपालिकेच्या बांधकाम कार्यालयात विचारावे.

टाउनहाउसमध्ये, म्हणजे एकमेकांना लागून असलेल्या घरांत, राहणाऱ्या वाचकांनी आधी घरमालकांच्या संघटनेची नियमावली वाचावी, कारण बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती अनेकदा संघटनेकडेच असते. घराचा विमा वादळाने झालेले नुकसान भरून देऊ शकतो. वर्षानुवर्षे झिरपलेल्या पाण्याने आलेली कूज सहसा त्यात बसत नाही.

साइडिंग उतरलेली असतानाच प्रमाणित चिमणी तपासनिसाला बोलावून धातूचा नळ आणि त्याचे सांधे पाहून घ्यावेत. ओलीने नळ गंजलेला असू शकतो, आणि नळ व लाकूड यांच्यात उत्पादकाने सांगितलेले अंतर राखलेले आहे का, हे त्या वेळी सहज मोजता येते. त्याने लेखी निर्वाळा देईपर्यंत फायरप्लेस पेटवू नये.