वहीतला पाऊस नेटसीडीएफमध्ये कसा भरू?

प्रश्न : ताई, माझ्या बाबांनी नौपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर १९८७ ते २०१९ अशी तेहेतीस वर्षं पर्जन्यमापक ठेवला होता. रोज सकाळी साडेआठला मोजून ते वहीत मिलिमीटर लिहायचे. पाऊस नसला तर ‘निरंक’. काही दिवसांच्या जागा कोऱ्या आहेत. बाबा गेल्यावर सगळं मी नोटपॅडमध्ये मराठी आकड्यांत टाइप केलं. भूगोल शिकणारा भाचा म्हणतो, ‘मावशी, मला ही नेटसीडीएफ फाइल करून दे. हवामानासारखे आकडे त्यांच्या माहितीसकट ठेवायचा तो फाइलचा एक प्रकार आहे.’ ती कशी करायची? आणि कोऱ्या जागी शून्य भरू का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : शून्य अजिबात भरू नका. तुमच्या बाबांनी हा फरक वहीतच करून ठेवलाय. ‘निरंक’ म्हणजे त्यांनी जाऊन पाहिलं आणि नळी कोरडी होती. कोरी जागा म्हणजे त्या दिवशी कोणी पाहिलंच नाही. निरंकला ०, कोऱ्या जागेला ‘नोंद नाही’.

हे मी इतकं ठासून सांगते, कारण मी एकदा पोळले आहे. ठाणे खाडीच्या पाण्याच्या खारटपणाचे आकडे माझ्याकडे आले होते, आणि राहिलेल्या नोंदींच्या जागी कोणीतरी शून्यं भरली होती. पावसाळ्यात खाडीच्या वरच्या अंगाला खारटपणा खरोखरच खूप उतरतो, त्यामुळे ती शून्यं कोणाला खटकली नाहीत. सरासऱ्या काढून झाल्यावर मूळ कागद हाती आले. नेरुळच्या घरी बसून पंधरा दिवस मी एकेक शून्य तपासत होते.

गणपतीला गावी गेल्यावर चार दिवसांचं पाणी साठून परतल्यावर एकदम मोजलं असेल, तर तो आकडाही एका दिवसाच्या नावावर टाकू नका. चारही दिवस ‘नोंद नाही’ ठेवा आणि बेरीज शेऱ्यात लिहा.

आता तारीख. हवामान खात्याच्या पद्धतीत सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा पाऊस मोजणीच्या दिवसावर लिहितात. बाबा तसंच करायचे की आदल्या दिवसावर लिहायचे, हे तुम्हाला वहीच सांगेल. २००५ चा जुलै काढा. सांताक्रूझचे ते ९४४ मिलिमीटर २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतचे आहेत, पाऊस मात्र बहुतेक २६ च्या दुपारनंतरचा. बाबांचा मोठा आकडा २७ समोर असेल, तर पद्धत खात्याचीच.

फाइल करण्याचा सर्वांत सोपा मार्ग सीडीएल. ही नेटसीडीएफचीच मजकुरातली मांडणी, नोटपॅडमध्ये लिहिता येते. वर दिवस किती ते लिहायचं. तुमचे १२,०५३ भरतील. मग ‘वेळ’ आणि ‘पाऊस’ ही दोन चलं, म्हणजे आकड्यांच्या दोन नाव दिलेल्या याद्या. वेळेचं एकक ‘१ जानेवारी १९८७ पासूनचे दिवस’, पावसाचं मिलिमीटर. खाली स्वल्पविराम देत आकडे, आणि नोंद नसेल तिथे अंडरस्कोअर ( _ ). एनसीजेन नावाचा प्रोग्रॅम यातून खरी नेटसीडीएफ फाइल बनवतो. तो नेटसीडीएफबरोबर फुकट मिळतो.

त्याला मराठी आकडे मात्र कळत नाहीत. दहा वेळा ‘शोधा आणि बदला’ करून ते इंग्रजी करून घ्या, आणि मूळ फाइल जपून ठेवून नकलेवरच काम करा.

अंडरस्कोअरच्या जागी एनसीजेन ९.९७ गुणिले दहाचा छत्तिसावा घात एवढा प्रचंड आकडा ठेवतो. मला हीच पद्धत आवडते. पुष्कळ लोक उणे ९९९ लिहितात; त्याचा अर्थ ‘नोंद नाही’ हे सांगायचं राहिलं, तर ते सरासरीत मुकाट मिसळतं. इतका अवाढव्य आकडा मिसळला तर लगेच दिसतो.

भाचा फाइल उघडेल तेव्हा १२.४ च्या जागी १२.३९९९९९६ दिसू शकेल. घाबरू नका. चार बाइटांच्या दशांश संख्येत १२.४ हुबेहूब बसत नाही, सातएक अंकांपर्यंतच नेमकेपणा राहतो. पर्जन्यमापकाला तो पुरून उरतो.

आकाराने फार काही वाचणार नाही. पावसाचे सगळे आकडे मिळून ४८ हजार बाइट. खरा फायदा हा की एकक, जागा आणि मोजणीची वेळ आकड्यांना चिकटून राहते. म्हणून नौपाड्याचे अक्षांश-रेखांश, गच्चीची उंची, मापक कधी बदलला असेल तर ते वर्ष, सगळं त्यात लिहा. बाबांचं नावही लिहा. मोजणी त्यांची आहे.

झाल्यावर एनसीडम्प या एनसीजेनच्या जोडीदार प्रोग्रॅमने फाइल पुन्हा मजकुरात काढा आणि वही शेजारी ठेवून तीन ठिकाणं पडताळा : पहिला दिवस, २७ जुलै २००५ आणि एखादी कोरी जागा. कोऱ्या जागी अंडरस्कोअर आला, तर फाइल भाच्याला द्यायला हरकत नाही.