'सन डॉग'ला प्रतिसूर्य म्हणावे, खळे नव्हे

प्रश्न असा आहे : मावळत्या सूर्याच्या दोन्ही बाजूंना कधीकधी रंगीत, तेजस्वी ठिपके दिसतात. इंग्रजीत त्यांना 'सन डॉग' म्हणतात. मराठीत 'सूर्यश्वान' म्हणावे का? की आपण ज्याला खळे म्हणतो ते हेच?

'सूर्यश्वान' नको. त्यातून मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. आपल्याकडे प्रतिसूर्य हा शब्द आहे आणि तो चांगला जुना आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत त्याला वेगळा अध्याय दिला. प्रतिसूर्य सूर्याच्या उत्तरेला दिसला तर पाऊस, दक्षिणेला दिसला तर वारा, दोन्हीकडे दिसला तर पाण्याचे भय, असे तो सांगतो. भाकिताचे राहू द्या, दिशा बघा. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला साधारण उत्तर-दक्षिणच येते, आणि प्रतिसूर्य नेमके तिथेच उमटतात.

खळे म्हणजे सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती पडणारे पूर्ण कडे. हा शब्द मला फार जवळचा वाटतो. कणसे पसरून वर बैल फिरवत मळणी करायची ती सारवलेली गोल जागा, तेही खळेच. गंमत म्हणजे इंग्रजीतला 'हेलो' ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्या 'हालोस'चा मूळ अर्थही मळणीची जागा असाच आहे. आभाळातले कडे पाहून दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना आपले खळे आठवले!

खळे आणि प्रतिसूर्य यांचे मूळ एकच : आठ-दहा किलोमीटर उंचीवरच्या विरळ, पिंजल्यासारख्या ढगांतले बर्फाचे षट्कोनी स्फटिक. खाली वैशाख तापलेला असला तरी तेवढ्या उंचीवर बर्फ असतोच. किरण स्फटिकाच्या एका कडेतून शिरतो आणि मधली एक कड सोडून पुढच्या कडेतून बाहेर पडतो. या दोन कडांमध्ये ६० अंशांचा कोन असल्याने लोलकासारखे काम होते आणि किरण किमान २२ अंश वळतो. स्फटिक वाटेल तसे कलंडलेले असले की हे वळण सगळ्या बाजूंनी सारखे दिसते. ते झाले खळे. पण चकतीसारखे चपटे स्फटिक गळत्या पानासारखे आडवे राहून खाली येतात. मग प्रकाश डावी-उजवीकडेच एकवटतो आणि प्रतिसूर्य दिसतात. त्यांची सूर्याकडची कड तांबडी असते, पलीकडे पांढुरके शेपूट. हात लांब करून वीत ताणली, तर सूर्यापासून साधारण तेवढ्या अंतरावर शोधावे. सूर्य हाताच्या पंजाआड झाकून घ्या. त्याच्याकडे थेट पाहू नका. आणि भर दुपारी शोधू नका, कारण सूर्य सुमारे ६१ अंशांच्या वर चढला की प्रतिसूर्य दिसत नाहीत.

'उपसूर्य' हा पर्यायही कुणी सुचवतो. पण अमरकोशात 'उपसूर्यक' हा परिवेषाचा, म्हणजे कड्याचाच पर्याय आहे. तो घेतला तर पुन्हा घोळ होईल. 'आज सूर्याला खळे पडले आणि उजवीकडे एक प्रतिसूर्यही दिसला' असे सरळ लिहावे. चंद्राच्या बाजूला असाच ठिपका उमटला, तर त्याला प्रतिचंद्र म्हणावे. तोही संस्कृतातून आलेला तयार शब्द आहे.