सात मिनिटांची प्रार्थना आणि बाकीचा दिवस

ताई, तुम्ही लिहिलंय की रोज रात्री कौटुंबिक प्रार्थनेला बसवलं की मोठी घड्याळ बघते, धाकटा सोफ्यावर लोळतो, शेवटी तुम्ही ओरडता आणि मग ओरडल्याचं वाईट वाटून तुम्हालाच रडू येतं. वाचून मला आमचे टोरोंटोतले पहिले दोन-तीन हिवाळे आठवले, आमच्याकडेही अगदी हेच चालायचं.

आधी ती अर्ध्या तासाची प्रार्थना सात मिनिटांवर आणा. एक गीत, चार-पाच ओळींचं बायबलचं वचन, प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना, बास. बाकीचं दिवसभर होऊ दे. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मोशे हेच सांगतो ना, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी बोलत राहा म्हणून. आमची वाट म्हणजे शाळेत सोडायची गाडी, सीटबेल्ट लागले की मी मोठ्याने बोलते, प्रभू आज हिची मॅथ्सची टेस्ट आहे, हिला घाबरू देऊ नकोस, आणि काल रात्री मी हिच्यावर उगाच चिडले त्याची मला क्षमा कर. पहिल्यांदा असं म्हटलं तेव्हा मागून हळूच आवाज आला, "आई, तू पण देवाला सॉरी म्हणतेस?" मला वाटतं क्षमा हा शब्द तिला त्या सकाळी कळला.

भाषेचं म्हणाल तर मुलं इंग्लिशमध्ये प्रार्थना करतात ती करू द्या, मध्येच थांबवून मराठीत म्हण असं सांगू नका, देवाशी बोलताना कुणी आपली भाषा तपासतंय असं त्यांना वाटायला नको. पण 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही येशूने शिकवलेली प्रार्थना मराठीत यायलाच हवी, आणि ती आजीकडून. आमच्याकडे रविवारी सकाळी नगरहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल येतो, मी फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून पोळ्या लाटत असते आणि त्या नातीला एकेक ओळ सांगतात, ती 'पवित्र मानिले जावो'ला हमखास अडखळते, आजी थांबतात, परत म्हणतात.

आता मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तुमच्या मुलीला कुणी विचारलं की "तुम्ही मराठी ना, मग ख्रिश्चन कसे?" आणि ती घरी येऊन गप्प बसली, ते मला जास्त लागलं. तिला जवळ घेऊन सांगा की 1616 साली गोव्यात फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते मराठी ओव्यांमध्ये, पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावात बसून अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि 1895 ला बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांची भजनं आपण 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकातून आजही म्हणतो. रात्री त्यातलंच एक गीत घ्या, घरात टाळ असतील तर तिच्या हातात द्या. मैत्रिणीकडे गणपतीला बोलावलं तर जाऊ द्या, घरात त्यांच्या श्रद्धेबद्दल वाकडं बोलू नका, आपण काय मानतो ते झोपताना शांतपणे सांगा, आणि नाताळला करंज्या-चकल्यांचं ताट भरून त्या कुटुंबाला घरी बोलवा.

अकरा-बारा वर्षांची झाली की "हे सगळं खरं कशावरून?" असंही विचारेल, तेव्हा घाबरून तिला गप्प करू नका, येशू पुन्हा उठला यावर विश्वास न बसलेल्या थोमा या शिष्याची गोष्ट काढा, येशू त्याच्यावर रागावला नाही, जखमांना हात लावून बघायला त्याला हात पुढे करायला सांगितलं.

आणि धाकटा लोळतो तर लोळू दे हो. आमचाही वचन वाचताना पाय वर करून पडलेला असायचा, मी किती वेळा उठवलं असेल, आणि एक दिवस बाथरूममधून शॉवरच्या आवाजात ऐकू आलं, तेविसावं स्तोत्र, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मधली दोन वचनं गाळून पण मराठीत.